आजोळची देणगी

औषधाच्या दुकानातल्या आरशासमोर तन्मयी उभी राहिली, आणि आरसा तिच्या एकेका तिळामागचं कारण सांगू लागला. गालावरचा तीळ उन्हाने झालेला. कोपरावरचा गर्भातच एका पेशीचं जनुक बदलल्याने आलेला. पाठभर पसरलेले काळे तीळ मात्र वारशाचे.

“आजोळची देणगी,” तिचा बाप निरंजन सवयीने म्हणाला. लग्नाआधी स्वतःच्या पाठीवरचे तीळ त्याने गुपचूप काढून घेतले होते, आणि इतकी वर्षं तो बायकोच्या माहेराला नावं ठेवत आला होता.

“वडिलांकडून आलेत,” आरसा म्हणाला. “वडिलांनीही पाठ दाखवावी.”

निरंजनला मान वर करवेना.

“काढ शर्ट,” बायको, वैदेही, हळूच म्हणाली. “ते पांढरे व्रण मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात पाहिलेत.”