ठसका

भाग्येशने फोनच्या नकाशावर आमची सहल दाखवली: कैरो, सायप्रस, शेवटी बैरूत. "इतलं सस्तं कसं काय रे?" सासूबाईंनी विचारलं. "तठे आते कोनी जात नही, म्हनीसन!" तो हसला. मला हसू आलं नाही. बातम्यांत तिथलं आकाश पेटलेलं दिसायचं, पण त्याला नको म्हणायची छाती होत नव्हती. निघायच्या दिवशी सासूबाईंनी माझ्यावरून सात मिरच्या उतरवून निखाऱ्यावर टाकल्या. कुणालाही ठसका लागला तर खुशाल जायचं; कुणालाच नाही लागला तर नजर लागलेली, उंबरा ओलांडायचा नाही. धूर दाटला. मी श्वास कोंडला. घसा भाजला, तरी ओठ उघडले नाहीत. वर पाहिलं, तर सासूबाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. बोळा काढून, डोळे पुसत त्या ओरडल्या, "भाग्येश, ठसका उना नही! नजर लागेल शे!" दाराबाहेरच्या ओट्यावरून उत्तराऐवजी भाग्येशचा ठसका ऐकू आला.