चारशे सतराचा बिल्ला

हरिश्चंद्र पावसकरांच्या पत्राला मी सहा वर्षं उत्तर दिलं नाही. खाडीत त्यांच्या जाळ्यात आमचा चारशे सतरा नंबरचा बिल्ला टोचलेली तांबोशी आली होती. 'जिवंत आहे, विहिरीत ठेवतो. पुढे काय करू?'

मासे कुठे फिरतात ते कळावं म्हणून आम्ही मत्स्यखात्यातले लोक बिल्ले टोचून त्यांना सोडायचो. पण चारशे सतरा माझ्याच अंगठ्यात घुसला होता. तो काढून मी खणात टाकला. कुठल्याच माशाला लावला नाही. कुणी थट्टा करतंय, असं वाटलं.

आज त्यांच्या पत्नी सगुणाबाई दारात आल्या.

"साहेब, एक कार्ड टाकायला सहा वर्षं लागतात होय? आमचे हे गेले. उत्तर आल्याबिगर मासा सोडायचा नाय, सांगून गेलेत. मी म्हातारी कुठवर राखू?"

"खातो काय?"

"काय नाय. पाण्यात हात घातला की अंगठा तेवढा धरतो."

त्या गेल्यावर खण उघडला. बिल्ला तिथेच होता. बाई खोटं बोलत असणार, की माझंच चुकतंय? शेवटी लिहिलं, 'मासा सोडा. खरा बिल्ला सोबत पाठवतो आहे.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट सोडलं, तेव्हा आतून ओल्या तोंडाने कुणीतरी माझा अंगठा धरला.