भुजंगरावांच्या मागे

नाताळच्या सकाळी सात वाजता पिंगळी स्टेशनाबाहेर शिट्टी वाजली आणि धाव सुरू झाली. साल १९८७. धुकं दाट होतं. माणसं पळाली की लगेच पुसली जात होती. त्यांच्या लाल कागदी टोप्या तेवढ्या थोडा वेळ हवेत तरंगत राहायच्या. कुणीतरी गंमत म्हणून बैलाच्या घागरमाळा कमरेला बांधल्या होत्या. त्या नेमक्या कुठे वाजतायत ते कळत नव्हतं.

मिशनच्या दवाखान्याची ही दरसालची मौज. स्टेशनापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत सरळ सडक. पळा, चाला, पोर कडेवर घेऊन या. कुणी कुणाचा धर्म विचारत नसे. पहिला येईल त्याने चर्चची घंटा वाजवायची आणि शेवटच्यालाही केक मिळायचा. खिदळायला जमलेल्या त्या माणसांत दोघंच गंभीर होती. पुढे भुजंगराव, धोतराचा काचा मारलेले. त्यांच्या मागे त्यांची सून मनकर्णा, पदर खोचलेली.

मनकर्णा दवाखान्यात आयाचं काम करायची. नवरा वारल्यावर तिने ते धरलं होतं. तिचा हात हलका आहे, डोकं चालतं, हे मोठ्या सिस्टरने हेरलं. नर्सच्या शिक्षणासाठी तिला दूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं. सिस्टर आजच दुपारच्या गाडीने निघणार होती. मनकर्णाचं हो किंवा नाही तिला त्याआधी हवं होतं. घरात आता सून आणि सासरा दोघंच. परवानगी भुजंगरावांची लागणार होती. मग काल पारावर कंपाउंडर दिनकररावांनी विषय काढला, तेव्हा भुजंगराव सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्या तुमच्या पळण्यात मी बी हाय. माझ्या पुढं पोचली तर जाईल."

पारावरची माणसं हसली. हा नकारच आहे, हे त्यांनी ओळखलं. साठी ओलांडलेले भुजंगराव काही वाऱ्यासारखे पळणार नव्हते. पण लग्न होऊन आल्यापासून मनकर्णा सासऱ्याच्या पुढे कधी चालली नव्हती. शेताच्या वाटेवर मागे. बाजारात मागे. गल्लीत ते समोरून आले तर भिंतीला लागून, पदर ओढून, ते जाईपर्यंत उभी. हे तिला कुणी बसून शिकवलं नव्हतं. तिच्या पायांनाच ठाऊक होतं.

सुरुवातीला भुजंगराव खरंच जोरात पळाले. मग दमले. गर्दी दोघांना मागे टाकून धुक्यात शिरली. तुरीच्या रानाचा ओला वास येत होता. मनकर्णाला आपलं अंग हलकं झाल्यासारखं वाटलं. माहेरी, सोनपेठकडे, गोदावरीच्या वाळूत ती पळायची तेव्हा भावांनाही सापडत नसे. आता दोन्ही बाजूंची रानं धुक्यात नदीसारखी वाहत होती आणि मधली सडक वाळूच्या पट्ट्यासारखी पांढरी झाली होती. ती कडेला झाली. पायांनी वेग घेतला. सासऱ्याचा खांदा बरोबरीला येऊ लागला आणि तिचा हात आपसूक पदराकडे गेला. पाय मंदावले. ती पुन्हा मागे होती. थोड्या वेळाने तिने परत जोर केला. परत तेच झालं.

दवाखान्यात दाईचं काम करणारी चांगुणाबाई डुलत डुलत मागून आली. दोघांना ओलांडताना म्हणाली, "मनकर्णे, पळायलीस का सासऱ्याची राखण करायलीस?"

भुजंगरावांनी ते ऐकलं. मान वळवली नाही, वेग मात्र कमी केला. मनकर्णाचाही कमी झाला. ते चालू लागले. ती चालू लागली. ते खोकण्यासाठी थांबले. तीही थांबली, तेवढंच अंतर राखून. पुढे कुठेतरी घंटा वाजली. कुणीतरी पोचलं होतं. घागरमाळांचा आवाज बंद झाला. मग गाणं सुरू झालं. ते पाण्याखालून यावं तसं येत होतं.

आणि अचानक फाटक समोर आलं. आत पताका होत्या, आकाशकंदील होता, पायरीवर सिस्टर उभी होती. भुजंगराव फाटकाच्या तोंडाशी पोचले. एक पाऊल टाकलं की संपलं. ते उभे राहिले. मनकर्णा मागे उभी राहिली. तिने डोळे खाली घातले आणि ते पाऊल वाजण्याची वाट पाहिली.

ते वाजलं नाही. भुजंगराव वळले होते.

"माझं उपरणं पडलं मागं कुठंतरी," ते म्हणाले.

"मी आणते, मामा." ती निघालीसुद्धा. सासऱ्याची वस्तू पडली तर सुनेनेच आणायची.

"तुला गावायचं न्हाई धुक्यात. मीच बघतो. तू हो पुढं."

ते तिच्या जवळून माघारी गेले. ती सवयीने सडकेच्या कडेला झाली, पदर ओढला, ते जाईपर्यंत थांबली. उपरणं त्यांच्या गळ्यातच होतं. थंडीसाठी वेढे देऊन घट्ट बांधलेलं.

साडेआठला धुकं विरलं. सडक थेट स्टेशनापर्यंत दिसू लागली. भुजंगराव सडकेवर कुठेच नव्हते. आतून चांगुणाबाई केकसाठी हाका मारत होती. मनकर्णा अजून फाटकाबाहेर उभी होती. तिच्या पुढे कुणी नव्हतं.