प्रोफेसरचा बांगडा

पत्रात दोनच ओळी होत्या. 'प्रोफेसर, तुमच्या वाट्याचा बांगडा इथे पडून आहे. त्याचं काय करायचं ते कळवा.' युसेबियो माग्बानुआंनी त्याला उत्तर धाडलंच नव्हतं. तेव्हा ते तरुण संशोधक होते, पण गाव त्यांना प्रोफेसरच म्हणे. आंतिके प्रांताच्या किनाऱ्यावरच्या एका गावात रापणीची, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यातल्या मासळीची, वाटणी कशी होते ते पाहायला गेले आणि पाय घसरून पडले. पडताना जाळ्याचा दोर धरला. दोराला हात लागला की वाटा, असा तिथला रिवाज. मासा घ्यावा तर अभ्यासकाचा तटस्थपणा जातो. नाकारावा तर गावाचा अपमान होतो. त्यांनी खर्डे केले, फाडले. उत्तर राहूनच गेलं.

पुढे सारी हयात त्यांनी न्याय्य वाटणीवर लिहिण्यात घालवली. एक कोडं मात्र सुटलं नाही. वादळाच्या महिन्यांतही या गावात एकही चूल थंड कशी पडत नाही? विचारलं की लोक हसत आणि भाताचं ताट पुढे करत. आता निवृत्ती आली. जन्मभर आपण नुसते काठावर उभे राहिलो, असं त्यांना वाटू लागलं. निदान त्या पत्राला तरी उत्तर द्यावं, म्हणून ते त्या गावी पोचले.

रापण नुकतीच ओढून झाली होती. ते पत्र लिहिणारी पुरिता, गावाची मानांग म्हणजे थोरली बहीण, आता पार वाकली होती, पण वाळूवर वाटे तीच घालत होती.

"मानांग, तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला आलोय," ते चाचरत म्हणाले.

पुरिताचा हात थांबला. भोवतीच्या बायका जवळ सरकल्या.

"इतकी वर्षं गप्प होतात. आताच कुठून सुचलं?"

"चुकलंच माझं. मासा तर तेव्हाच कुजला असेल."

"कुजतोय कसला? वाळवून ठेवला. मालकाचा निरोप नाही, म्हणजे खाता येईना, विकता येईना. मग एका बाळंतिणीला उसना दिला. तिने परत करताना वर एक जास्तीचा टाकला. तेव्हापासून फिरतोय. माझ्या माळ्यावर सुक्या बांगड्यांच्या टोपल्या आहेत, सगळ्या तुमच्या. घरात काही नसलं की माणूस येऊन विचारतो, प्रोफेसरचा बांगडा आहे का? भीक नव्हे, उसनवारी. मान खाली घालावी लागत नाही."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

"आणि तुम्ही टोपली उचलून चालू पडला असतात म्हणजे?" मागून कुणी तरी म्हणालं. बायका हसल्या. पुरिता हसली नाही.

"तुम्ही घेतलात तर संपलं. हक्क सोडलात तर आजच्या वाट्यांत जाईल, उद्या काही उरायचं नाही. मालक तुम्ही. बोला."

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. "लेखी विचारलं होतंत. लेखीच कळवतो."

तालुक्याच्या टपालकचेरीत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच खर्डा न करता पत्र लिहिलं आणि पेटीत टाकलं.

'मानांग, तुमचं पत्र पोचलं. बांगड्याचं काय करायचं, याचा विचार चालू आहे. ठरलं की कळवीन.'