रटलंडची हद्द

"पाटी आली का गं?" मागच्या सीटवरून ओसवल्ड स्नीथनं पुन्हा विचारलं.

"आली की सांगते ना, बाबा. गप पडून राहा." मिरियम गाडी हाकत होती.

म्हातारा आडवा होता, त्याला गाडीचं छत तेवढं दिसत होतं. लेस्टरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी हात टेकले होते. ओसवल्डचा हट्ट एकच, मरायचं तर रटलंडमध्ये. तेही आजच, कारण उद्यापासून रटलंड परगणाच राहणार नव्हता. लंडनच्या साहेबांनी तो शेजारच्या लेस्टरशरच्या घशात घातला होता. मूठभर मुलूख आमचा, त्याचंही यांना ओझं झालं.

मिरियम लग्न होऊन कॉव्हेंट्रीला गेली त्याला जमाना झाला होता. हा रस्ता तिला अंधुकच आठवत होता. पाटी दिसली की हद्द लागली, एवढं तिला ठाऊक.

"एवढं काय आहे बाबा त्या नावात?"

"रोटा नावाचा कुणी गडी होता. त्याची जमीन ती रटलंड. पाद्री म्हणतो, तांबड्या मातीवरून नाव पडलं. त्याला काय डोंबल कळतंय, तो बाहेरचा, नॉरफोकचा." ओसवल्डला धाप लागली. "हजार वर्षं टिकलं, पोरी. राजे गेले, नाव राहिलं. आता हे कारकून पुसणार."

"आणि त्या रोटाला एवढी जमीन दिली कुणी?"

"देतंय कोण? हद्दीचा एकेक खुंट पुढं सरकवत गेला असेल."

तो स्वतःशीच हसला. हसता हसता खोकला लागला, तो थांबेचना.

मिरियमनं गाडी दामटली. आरशात बापाचे ओठ काळेनिळे दिसत होते. तिचा जीव तुटत होता, पण रडायला सवड नव्हती. एवढं एक होऊ दे देवा, ती पुटपुटली.

वळण संपलं आणि रस्त्याकडेला पाटी दिसली.

"बाबा, आली पाटी. रटलंड."

"लागली हद्द? नक्की?"

"नक्की. आत आलो आपण."

"मग थांबव. आता कसली घाई."

तिनं गाडी कडेला घेतली आणि मागे जाऊन त्याचा हात धरला. ओसवल्डनं डोळे मिटले. किती दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी गेली होती. थोड्या वेळानं श्वास थांबला.

कुंपणाआडून क्लेम टायर्स आला. पबमध्ये जन्मभर ओसवल्डच्या शेजारी बसलेला माणूस. त्यानं गाडीत डोकावून पाहिलं आणि टोपी काढली.

"गेले, क्लेमकाका," मिरियम म्हणाली. "पण मनासारखं झालं. रटलंडमध्ये गेले."

क्लेम पाटीकडे बघायचा, मग मान फिरवायचा.

"काय झालं, काका?"

"रटलंड त्या टेकडीपलीकडं आहे, पोरी. जाता जाता लेस्टरशरची दोन मैल जमीन लुटायची म्हणून पाटी आम्ही आज पहाटे उपटली आणि इथं आणून रोवली. हॉस्पिटलात भेटायला गेलो होतो, तेव्हा तुझ्या बापानंच शपथ घातली होती आम्हाला."