सव्वीस दिवसांचा हिरा

त्या रविवारी श्यामकांत मुलुंडला लेकीकडे जेवायला आले, ते सीताफळांची पिशवी घेऊन. पानावर गंधालीच्या सासूबाईंची बहीणही होती, रेवतीमावशी. वरण वाढणाऱ्या गंधालीच्या बोटातल्या हिऱ्याच्या अंगठीकडे तिचं लक्ष गेलं.

"लग्नात वडलांनी घातली ती ना ही? बघू गं." तिने गंधालीचा हात खिडकीकडे ओढला. "हल्ली ते मशीनमधले हिरे निघालेत म्हणे. तसला नाही ना?"

"छे हो मावशी. नॅचरल आहे."

समोर श्यामकांत ताकभात कालवत होते. त्यांचा हात थांबला.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत ते अकरा वर्षं तसल्याच मशीनवर होते. हिऱ्याची नखाएवढी पातळ चकती बंद भांड्यात ठेवायची, आत वायू सोडायचे. जांभळा उजेड पेटला की वायूतला कार्बन कणाकणाने त्या चकतीवर बसत जातो, थरावर थर. गंधालीच्या हिऱ्याला सव्वीस दिवस लागले होते. मधे मशीन थांबलं तर त्या थराशी रेघ राहते. नेमके गणपतीचे दिवस, वसाहतीत वीज येत-जात होती. श्यामकांत पाळी संपल्यावरही जनरेटरपाशी बसून राहिले. घरच्या आरतीला आले नाहीत म्हणून गंधाली रुसली होती. कारण तिला नंतर कळलं, अंगठी हातात आली तेव्हा.

सासरी मात्र तिने एवढंच सांगितलं होतं, की बाबा हिऱ्यांच्या कंपनीत आहेत.

"तुम्ही तर त्यातलेच," मावशी श्यामकांतांकडे वळली. "कसा ओळखायचा हो खरा हिरा?"

"नुसत्या डोळ्यांनी नाही ओळखता येत. दोन्ही कार्बनच. कडकपणा तोच, चमक तीच. दुकानातला साधा टेस्टरही दोन्हींना सारखाच वाजतो. तपासणीच्या मोठ्या मशीनखाली धरला तरच कळतं."

"मग फरक तो काय?"

त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं. ती मोकळ्या हाताने वरणाच्या भांड्यात पळी फिरवत होती.

"हिच्या बोटातला हा जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर तयार झाला," ते सावकाश म्हणाले. "वर सगळ्या पृथ्वीचा भार, खाली आग. शंभर कोटी वर्षं तसाच पडून होता. मग ज्वालामुखीने उचलून वर आणला."

नातवंडाला गोष्ट सांगावी तसे ते सांगत राहिले. मावशीने गंधालीचा हात सोडला नाही. गंधालीला तो सोडवून घेता आला नाही.

लिफ्टपाशी ती म्हणाली, "बाबा, मगाशी मी..."

"अगं, सीताफळं तांदळात ठेव. उद्यापर्यंत पिकतील." लिफ्टचं दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी, पहिल्या पाळीला, मशीनच्या काचेतून आत डोकावता डोकावता ते खाली कोसळले.

तेराव्याला गंधालीच्या माहेरी, वाकोल्याच्या घरी माणसं दाटीवाटीने बसली होती. कोपऱ्यात धोंडिराम होता, शेजारच्या मशीनवरचा. जेवणं उरकल्यावर रेवतीमावशीने विषय काढला.

"काय ज्ञान होतं हो या माणसाला! शेवटचे भेटले तेव्हा आम्हाला तासभर सांगत बसले होते. शंभर कोटी वर्षांचा हिरा लेकीच्या बोटात घातला म्हणे. दाखव गं, गंधाली."

बायका पुढे सरकल्या. गंधालीचा हात मांडीवरच होता. मावशीनेच तो उचलून सगळ्यांसमोर धरला.

धोंडिराम वाकून बघायला लागला. त्याचा चेहरा उजळला. "अरे, हा तर आपल्या..." त्याची नजर गंधालीच्या चेहऱ्यावर गेली. तो मागे सरून बसला. "झकास आहे," एवढंच म्हणाला.

वडिलांनीही असंच तिच्याकडे बघून खरं पोटात ठेवलं होतं.

"मावशी," गंधाली म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. पलीकडे भांडी आवरणारी आईही थांबली. "शंभर कोटी वर्षं नाही. सव्वीस दिवस. मरोळला, मशीनमध्ये. माझ्या बाबांनी केलाय हा. एकदाही मशीन बंद पडू दिलं नाही त्यांनी."