शिवगंगेचा माथा

कळसूबाईच्या पायथ्याच्या गावातून ब्याण्णव साली लग्न होऊन बंगळूरच्या बसवनगुडीत आलेली वीणा डोंगरासाठी झुरत होती. शेवटी तिच्या सासूबाईंनी, सत्यवतीबाईंनी घरात सांगून टाकलं, “पोरीला शिवगंगेचा डोंगर दाखवून आणते.”

खडकात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांवर सत्यवतीबाईंना धाप लागली. “आई, तुम्ही इथंच बसा, मी जाऊन येते,” वीणा म्हणाली.

“स्वल्पच राहिलंय, चल.”

माथ्यावर भन्नाट वारा होता. खाली दूरवर काळ्या टेकड्या, तळी आणि नाचणीची शेतं पसरली होती. वीणाला माहेरी आल्यासारखं वाटलं.

“माझ्यासाठी किती त्रास घेतलात, आई.”

सत्यवतीबाईंची नजर खालच्या मुलखावरून हटत नव्हती.

“तुझं नुसतं निमित्त गं. बायकांना वर चढणं झेपत नाही म्हणून हे मला दरवर्षी पायथ्यावरूनच परत न्यायचे.”